रानभाज्यांचे संकलन

रानभाज्यांचे संकलन म्हणजे लागवड न करता रानात, माळावर, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी किंवा पडीक जमिनीत आपोआप उगवणाऱ्या खाद्य वनस्पती ओळखणे, त्यांचे कोवळे कोंब, पाने, फुले, फळे किंवा कंद खुडणे अथवा खणून काढणे आणि योग्य प्रक्रियेनंतर ते आहारात वापरणे होय. रानात मिळणाऱ्या अळंबीचाही यात समावेश केला जातो. महाराष्ट्रात सह्याद्रीचा घाटमाथा, कोकण, सातपुड्याचा परिसर आणि पूर्व विदर्भातील जंगलपट्टा या भागांत ही परंपरा विशेष टिकून आहे. कातकरी, ठाकर, महादेव कोळी, वारली, कोकणा, भिल्ल, पावरा, कोरकू, गोंड, माडिया, कोलाम इत्यादी आदिवासी समाजांच्या, तसेच डोंगराळ भागातील शेतकरी कुटुंबांच्या पावसाळी आहारात रानभाज्यांना महत्त्वाचे स्थान आहे. संकलनाचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात व त्याविषयीचे ज्ञानही मुख्यतः त्यांच्याकडूनच पुढील पिढीकडे जाते.

हे ज्ञान केवळ वनस्पतीच्या नावापुरते मर्यादित नसते. वनस्पती कोणती, तिची कोणती अवस्था खाण्याजोगी, कोणता भाग घ्यायचा व कोणता टाकायचा, तो कसा शिजवायचा आणि किती खायचा, या पाच गोष्टी मिळून एका रानभाजीची माहिती पूर्ण होते. यांतील एखादी गोष्ट गळाली तर खाद्य समजली जाणारी वनस्पतीही अपायकारक ठरू शकते.

नावे व ओळखीतील अडचणी

रानभाज्यांची स्थानिक नावे प्रदेशानुसार बदलतात. टाकळा (सेना टोरा) ही वनस्पती विदर्भात तरोटा आणि गोव्यात तायकिळो या नावाने ओळखली जाते. कर्टोली (मोमॉर्डिका डायोइका) हिला कंटोली, रानकारली, काटवल अशी नावे असून गोव्यात तिला फागलां म्हणतात. एका वनस्पतीची अनेक नावे असल्यामुळे सहसा धोका संभवत नाही. परंतु एकच नाव दोन वेगळ्या वनस्पतींना दिले जाते तेव्हा घोटाळा होऊ शकतो. ब्राह्मी हे नाव बाकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन भिन्न कुळांतील वनस्पतींना लावले जाते, हे याचे परिचित उदाहरण आहे. या दोन्ही वनस्पती वापरात असल्या, तरी इतर बाबतींत अशी सरमिसळ निरुपद्रवी राहीलच असे नाही. ऐकीव नावावरून वनस्पती निश्चित करू नये, असे जाणकार सांगतात ते यामुळेच.

खाद्य व विषारी वनस्पती ओळखण्याचे सरसकट लागू पडणारे नियमही विश्वसनीय नाहीत. चीक असलेली वनस्पती विषारी असते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु चीक असलेल्या करवंदाची पिकलेली फळे सर्वत्र खाल्ली जातात. करवंद आणि अत्यंत विषारी कण्हेर या दोन्ही वनस्पती एपोसायनेसी या एकाच कुळातील आहेत. कडू ते विषारी हा समजही भारंगीच्या बाबतीत खोटा ठरतो, कारण तिची कडसर पाने आवडीने खाल्ली जातात. गुरे, माकडे किंवा पक्षी एखादे फळ खातात यावरून ते माणसाला चालेल असे सिद्ध होत नाही. त्यामुळे प्रत्येक वनस्पती स्वतंत्रपणे शिकावी लागते.

ऋतुमान

रानभाज्यांचा मुख्य हंगाम पावसाळा हा असला, तरी संकलन कमीअधिक प्रमाणात वर्षभर चालते.

उन्हाळा : फाल्गुन–चैत्रात मोहाची फुले वेचली जातात. कांचनाच्या कळ्या व कुड्याची फुले भाजीसाठी घेतात. वैशाखात करवंदे व जांभळे येतात.

पावसाळ्याचा आरंभ : वळिवाच्या सरींनंतर व मृगाच्या पावसाबरोबर शेवळा जमिनीतून वर येतो. त्यापाठोपाठ टाकळा, फोडशी, कुर्डू, कवळा, भारंगी, रानआळू या पालेभाज्या मिळू लागतात. बहुतेक पालेभाज्यांचा खाण्याजोगा काळ काही आठवड्यांचाच असतो. पुढे पाने जून होतात, त्यांतील चोथा वाढतो आणि चवही बदलते.

श्रावण–भाद्रपद : कर्टोली, चाईचा मोहर, बांबूचे कोंब (वास्ते) आणि वारुळांवरील अळंबी यांचा हा काळ असतो.

हिवाळा : वेलींची पाने वाळल्यावर कंद पोसलेले असतात. करांदे व इतर रानकंद या दिवसांत खणले जातात.

वेल वाळल्यानंतर कंद काढणाऱ्याला त्या वेलीची जागा पावसाळ्यातच हेरून ठेवावी लागते. पाने, फुले व फळे नसताना केवळ कंदावरून वनस्पती ओळखणे कठीण असते. त्यामुळे कंदांच्या बाबतीत वर्षभराचे निरीक्षण हाच ओळखीचा आधार ठरतो.

प्रमुख रानभाज्या

टाकळा : शिंबावंत कुळातील हे वर्षायू रोप पहिल्या पावसानंतर रस्त्याकडेला व माळावर दाट उगवते. फुले येण्यापूर्वीची कोवळी पाने भाजीसाठी घेतात. कोकणात व गोव्यात टाकळ्याच्या भाजीत फणसाच्या आठळ्या किंवा भिजवलेली डाळ घालण्याची पद्धत आहे.

शेवळा (अमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस) : सुरणाच्या प्रजातीतील ही वनस्पती असून तिचा फुलोरा पानांच्या आधी जमिनीतून वर येतो. ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांत तिला मोठी मागणी असते. घशाला खाज आणणारे घटक असल्यामुळे ती ठरावीक पद्धतीनेच शिजवावी लागते.

फोडशी (क्लोरोफायटम प्रजाती) : गवतासारखी लांब पाने असलेली ही वनस्पती डोंगरउतारावर पहिल्या पावसात उगवते. कोवळी पाने निवडून, त्यांना चिकटलेली माती नीट धुऊन कांद्याबरोबर भाजी करतात.

कुर्डू (सेलोसिया अर्जेन्शिया) : शेतात व पडीक जमिनीत वाढते. गुलाबी-पांढरे तुरे येण्यापूर्वीची पाने खाद्य म्हणून घेतली जातात.

भारंगी (रोथेका सेराटा) : या झुडपाची कोवळी पाने व निळसर फुले यांची भाजी होते. पाने उकडून, पाणी पिळून टाकून कडवटपणा कमी करतात.

घोळ (पोर्टुलाका ओलेरेसिया) : जमिनीवर पसरणारे, मांसल खोडाचे व जाड पानांचे रोप. चव किंचित आंबट असते.

कर्टोली : बहुवर्षायू कंदापासून दरवर्षी पावसाळ्यात उगवणारी वेल. नर व मादी वेली वेगळ्या असतात. फळे केवळ मादी वेलीला येतात. फळे हिरवी व कोवळी असताना तोडतात.

चाई (डायोस्कोरिया पेंटाफायला) : हातासारखी संयुक्त पाने असलेली काटेरी वेल. श्रावणाच्या सुमारास येणाऱ्या नरफुलांच्या मोहराची भाजी करतात.

साधर्म्य असलेल्या अपायकारक वनस्पती

रानातील वनस्पतींमुळे होणाऱ्या विषबाधेचे एक प्रमुख कारण म्हणजे खाद्य वनस्पतीसारख्या दिसणाऱ्या किंवा तिच्या शेजारीच वाढणाऱ्या वनस्पतीची भेसळ.

टाकळा व कासविंदा : कासविंदा (सेना ऑक्सिडेंटॅलिस) हे टाकळ्याच्याच प्रजातीतील झुडूप असून अनेकदा त्याच जागी उगवते. टाकळ्याच्या पानात बहुधा पर्णिकांच्या ३ जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक गोलसर असते. कासविंद्यात बहुधा ४ ते ५ जोड्या असून पर्णिका टोकाकडे निमुळत्या होतात. टाकळ्यात खालच्या पर्णिकांच्या जोडीच्या मध्ये बारीक ग्रंथी दिसते, तर कासविंद्यात ती देठाच्या बुडाशी असते. कासविंद्याच्या बिया लहान मुलांना घातक ठरतात. पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक वर्षे मेंदूज्वर समजल्या गेलेल्या बालमृत्यूंमागे या बियांचे सेवन असल्याचे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील संशोधनातून पुढे आले. त्या बियांमुळे यकृत, स्नायू व मेंदू या तिन्हींवर परिणाम होत असल्याचे आढळले.

घोळ व दुधी : दुधी (युफोर्बिया प्रजाती) ही जमिनीलगत पसरणारी तणे घोळीसारखी भासू शकतात. घोळीचे खोड मोडले असता पाणीदार रस निघतो, तर दुधीतून पांढरा चीक येतो. दुधीचे खोड बारीक असते व घोळीइतके मांसल नसते.

कळलावी (ग्लोरिओसा सुपर्बा) : पावसाळ्यात कुंपणांवर चढणाऱ्या या वेलीची लाल-पिवळी फुले आकर्षक असतात. पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते. वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कॉल्चिसीन हे विष असते. श्रीलंकेत कळलावीचे कंद रताळी समजून खाल्ल्यामुळे विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात आणि पुढे अस्थिमज्जेसह अनेक अवयव निकामी होऊ शकतात.

तीन पर्णिकांचा रानकंद (डायोस्कोरिया हिस्पिडा) : या काटेरी वेलीच्या कंदात डायोस्कोरीन हे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे अल्कलॉइड असते. चाईच्या पानांतही कधीकधी तीनच पर्णिका आढळत असल्यामुळे पर्णिकांची संख्या हा एकच निकष पुरेसा ठरत नाही.

धोतरा (डॅटुरा प्रजाती) : उकिरड्यावर व रस्त्याकडेला वाढणाऱ्या धोतऱ्याची कोवळी रोपे घाईने खुडलेल्या पालेभाजीत मिसळण्याचा धोका असतो. विषबाधेत तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद होते आणि रुग्ण भ्रमिष्टासारखा बरळू लागतो.

बिया : मोगली एरंड, एरंड, गुंज आणि काजरा यांच्या बिया विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुले आजारी पडल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात. मुलांना रानात नेताना खाद्य फळांच्या आधी ही विषारी झाडे दाखवावीत.

विषद्रव्ये व पारंपरिक प्रक्रिया

अनेक रानभाज्या प्रक्रियेमुळेच खाण्यायोग्य होतात. परंपरेने रूढ झालेल्या या कृती चवीसाठी असल्यासारख्या वाटल्या, तरी त्यांतील अनेकांचा हेतू अपायकारक घटक काढून टाकणे हा असतो.

ऑक्झॅलेटचे स्फटिक : शेवळा, सुरण, रानआळू यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जीभ व घशाच्या त्वचेत रुतून खाज, आग व सूज निर्माण करतात. केवळ उकळल्याने हा त्रास पूर्णपणे टळेल असे नाही. शेवळा निवडताना बाहेरचे आवरण आणि आतील पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात व भाजीत काकड (गारुगा पिनाटा) या झाडाची आंबट फळे घालतात. ती उपलब्ध नसल्यास चिंच किंवा आमसूल वापरतात. आळूच्या भाजीत चिंच घालण्यामागेही हाच अनुभव आहे. शेवळा बाजारात मिळाला पण काकड कशासाठी हे ठाऊक नसले, तर भाजी खाणाऱ्याचा घसा धरतो. वनस्पतीचे नाव तिच्या कृतीपासून तुटले की काय होते, याचे हे नेहमीचे उदाहरण होय.

सायनाइडजनक घटक : बांबूच्या कच्च्या कोंबांत टॅक्सिफायलिन हे ग्लायकोसाइड असते व त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होते. त्यामुळे कोंब सोलून, बारीक चिरून पाण्यात भिजत घालतात आणि उकळून ते पाणी फेकून देतात. कोंब कच्चे खाणे धोक्याचे असते.

कडू कंद : करांद्याच्या (डायोस्कोरिया बल्बिफेरा) एकाच जातीत गोड व कडू असे दोन्ही प्रकार आढळतात. कडू प्रकाराचे काप करून ते वारंवार पाणी बदलून भिजवतात किंवा राख घातलेल्या पाण्यात उकडतात. अधिक विषारी कंद वाहत्या पाण्यात काही दिवस ठेवण्याची पद्धत आहे. अशा कंदांची प्रक्रिया पुस्तकात वाचून करण्याची बाब नसून, ती नियमितपणे करणाऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच शिकावी.

विद्राव्य ऑक्झॅलेट : घोळ, माठ, कुर्डू आदी पालेभाज्यांत ऑक्झॅलेटचे प्रमाण अधिक असू शकते. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्या बेताने, उकळून व पाणी टाकून खाव्यात. रक्त पातळ करणारी काही औषधे घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्यांच्या प्रमाणाबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाचा अशा औषधांवर परिणाम होतो.

अळंबी

पावसाळ्यात वाळवीच्या वारुळांवर उगवणारी अळंबी (टर्मिटोमायसेस प्रजाती) कोकण, गोवा व पश्चिम महाराष्ट्रात महागडा खाद्यपदार्थ मानली जाते. गोव्यात तिला ओलमी म्हणतात. वाळवीशी सहजीवन असल्यामुळे तिची लागवड करता येत नाही व ती रानातूनच आणावी लागते. तिच्या दांड्याचा मुळासारखा लांब भाग जमिनीखाली वारुळातील बुरशीच्या मळ्यापर्यंत गेलेला असतो. ही तिची एक महत्त्वाची खूण आहे.

पालेभाज्यांच्या तुलनेत अळंबीतील चूक अधिक घातक ठरते. हिरवळीवर उगवणारी क्लोरोफायलम मोलिब्डायटीस ही मोठी पांढरी छत्री खाद्य अळंबीसारखी दिसते. छत्रीखालचे तिचे पापुद्रे आरंभी पांढरे असतात व बीजाणू पक्व झाल्यावर हिरवट होतात. ती खाल्ल्यास काही तासांत तीव्र उलट्या व जुलाब होतात. अमानिटा प्रजातीतील काही जातींत अमॅटॉक्सिन हे विष असते. ते शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही. या विषबाधेची लक्षणे साधारणपणे ६ ते २४ तासांनी दिसतात, मध्ये रुग्णाला बरे वाटू लागते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानातील अळंबी खाल्ल्यामुळे १३ जणांचा मृत्यू झाल्याचे वृत्त होते. मृतांत चहामळ्यांतील कामगारांच्या कुटुंबांतील व्यक्तींचा समावेश होता.

अळंबीबरोबर चांदीचे नाणे, लसूण किंवा तांदूळ शिजवून रंग बदलतो का हे पाहण्याची चाचणी निरर्थक आहे. किडीने खाल्लेली अळंबी बिनविषारी असते, हा समजही चुकीचा आहे. नवशिक्याने रानातील अळंबी स्वतःच्या ओळखीवर खाऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात.

सुरक्षित शिक्षणाची पद्धत

रानभाज्या शिकण्याचा सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे त्या भागात वर्षानुवर्षे भाजी खुडणाऱ्या व्यक्तीबरोबर फिरणे. छायाचित्रे व भ्रमणध्वनीवरील ओळखयंत्रणा यांचा उपयोग शोधाची सुरुवात करण्यापुरता होतो; केवळ त्यांच्या आधारे वनस्पती खाणे धोकादायक आहे. सामान्यतः पुढील क्रम सुचवला जातो.

एका हंगामात दोन-तीनच वनस्पती निवडाव्यात. प्रत्येक वनस्पती रोप, फूल, फळ व वाळलेली अशा सर्व अवस्थांत त्याच जागी पुन्हा पुन्हा पाहावी. शक्य तेथे पहिले वर्ष केवळ निरीक्षणासाठी ठेवावे.

पानांची मांडणी, कडा, लव, देठ, खोडाचा आकार, रस, वास, फुलाची रचना व उगवण्याची जागा अशा अनेक लक्षणांवरून ओळख पटवावी. एकही लक्षण जुळत नसेल तर वनस्पती सोडून द्यावी. तिच्यासारख्या दिसणाऱ्या अपायकारक वनस्पतींची ओळख आधी करून घ्यावी.

खुडताना एकेक देठ पाहून टोपलीत टाकावा. विळ्याने सरसकट कापल्यास नको असलेली रोपे मिसळतात. घरी आल्यावर भाजी पुन्हा निवडावी.

प्रथमच खाताना एका वेळी एकच रानभाजी, व्यवस्थित शिजवून, अल्प प्रमाणात घ्यावी. न शिजवलेला नमुना एक दिवस बाजूला ठेवावा. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि दीर्घ आजार असलेल्या व्यक्तींना अपरिचित भाजी देऊ नये.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. सांडपाण्याचे नाले, रेल्वेमार्ग, वर्दळीचे रस्ते, कारखान्यांचा परिसर व कचराभूमी येथील वनस्पतींत जड धातू व इतर प्रदूषके साठू शकतात. शेताच्या बांधावर तणनाशक फवारले आहे काय, याची चौकशी शेतमालकाकडे करावी.

रानात फिरतानाचे धोके वेगळे आहेत. पावसाळ्यात गवतात व पालापाचोळ्यात नाग, मण्यार, घोणस व फुरसे या विषारी सापांचा वावर असतो. पायांत पूर्ण बंद पादत्राणे घालावीत आणि हात घालण्यापूर्वी काठीने गवत हलवावे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ पासून गोचिडीमार्फत पसरणाऱ्या क्यासनूर वनज्वराचे (माकडतापाचे) रुग्ण आढळले. हा आजार मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत दिसतो. त्या काळात बाधित भागात रानात जाणाऱ्यांनी अंग पूर्ण झाकावे व परतल्यावर गोचीड तपासावेत.

विषबाधा झाल्यास

रानातील वनस्पती खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब, तोंडाची बधिरता, घशाची सूज, झटके, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. घरगुती उपायांनी उलटी करवू नये. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात काहीही घालू नये. खाल्लेल्या वनस्पतीचा किंवा अळंबीचा उरलेला नमुना, तसेच शिजवलेले अन्न सोबत न्यावे आणि खाल्ल्याची वेळ सांगावी. तेच अन्न खाल्लेल्या इतरांनाही, लक्षणे नसली तरी, तपासून घ्यावे. अळंबीच्या विषबाधेत मध्येच बरे वाटले तरी उपचार थांबवू नयेत.

संकलनाची मर्यादा

परंपरेने भाजी खुडणारे लोक रोप उपटत नाहीत, शेंडे तेवढे खुडतात. त्यामुळे टाकळा, कुर्डू यांसारख्या वनस्पतींना नवे फुटवे येतात. मात्र शेवळ्याचा फुलोरा काढला की त्या वर्षीचे बीज संपते. कर्टोलीचा कंद खणल्यास वेल कायमची जाते आणि बांबूचे सर्व कोंब काढल्यास बेटाची वाढ खुंटते. म्हणून एका जागेवरचे सर्व न घेता बराचसा भाग मागे ठेवणे, कंद काढल्यावर त्याचा शेंड्याकडील तुकडा पुन्हा मातीत पुरणे आणि दुर्मिळ वनस्पतींना हात न लावणे हे संकेत पाळले जातात. शहरांत मागणी वाढल्यामुळे काही ठिकाणी हे संकेत सैल पडतात.

परदेशी तणांचा प्रसार हाही एक धोका आहे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत, तसेच रानमोडी व घाणेरी यांनी माळ व जंगलकडेच्या मोठ्या जागा व्यापल्या आहेत. गाजरगवताच्या संपर्काने अनेकांना त्वचाविकार होतो, त्यामुळे त्यात मिसळलेली भाजी खुडताना काळजी घ्यावी लागते.

कायदेशीर तरतुदी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून परवानगीविना वनस्पती काढण्यास मनाई आहे. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासही ही तरतूद लागू आहे. राखीव वनांतील संकलनावर भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार निर्बंध येतात. दुसरीकडे, २००६ च्या वनहक्क कायद्याने अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. वनौषधी, मुळे व कंद यांचा गौण वनोपजात समावेश होतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातील पहिल्या गावांपैकी एक ठरले. त्यामुळे हौसेने रानात जाणारा पर्यटक आणि उपजीविकेसाठी भाजी खुडणारी आदिवासी स्त्री यांचे कायद्यातील स्थान सारखे नाही. खासगी जमिनीत मालकाची अनुमती आवश्यक असते.

ज्ञानाची नोंद व संवर्धन

थिओडोर कुक यांच्या ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ (१९०१–१९०८) या ग्रंथात येथील वनस्पतींची शास्त्रीय वर्णने स्थानिक नावांसह आढळतात. पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेतील (आताची आघारकर संशोधन संस्था) वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी देवरायांबरोबरच डोंगराळ भागातील पावसाळी रानभाज्यांचाही अभ्यास केला. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ या क्षेत्रपुस्तिकेमुळे सर्वसामान्य निसर्गप्रेमींना सह्याद्रीतील फुलझाडे ओळखणे सोपे झाले.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. गावातील रानभाज्या, त्यांची नावे व वापराच्या पद्धती यांची नोंद या वहीत करता येते. अशा नोंदीत वनस्पतीच्या यादीबरोबर तिची प्रक्रियाही लिहिली गेली, तरच ती पुढील पिढीला उपयोगी पडते.

महाराष्ट्र शासनाच्या कृषी विभागातर्फे ऑगस्ट महिन्यात जिल्हा व तालुका स्तरांवर रानभाजी महोत्सव भरवले जातात. त्यांत विक्रीबरोबर पाककृतींची माहितीही दिली जाते. भाजी विकणाऱ्या स्त्रियांकडून निवडण्याची व शिजवण्याची पद्धत विचारून घेण्याची संधी शहरी ग्राहकांना तेथे मिळते.

सांस्कृतिक संदर्भ

भाद्रपद शुद्ध पंचमीस येणाऱ्या ऋषिपंचमीच्या व्रतात बैलाच्या श्रमाने पिकवलेले अन्न वर्ज्य मानतात. त्या दिवशी नांगरट न करता उगवलेल्या भाज्यांची ‘ऋषीची भाजी’ केली जाते. शहरांतील घरांत आज या भाजीत परसातील व बाजारातील भाज्याही पडत असल्या, तरी नांगराशिवाय मिळणाऱ्या अन्नाची स्मृती या व्रतात टिकून आहे. आदिवासी समाजांत हंगामातील पहिली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय न खाण्याची प्रथा अनेक ठिकाणी पाळली जाते. पाने व कंद वाढीस लागण्यापूर्वीच ते काढले जाऊ नयेत, यासही अशा प्रथांचा हातभार लागतो.